गॅलिलिओ : दुर्बिणीपलीकडचा

गॅलिलिओ म्हटले की दुर्बीण आठवते आणि पाठोपाठ तो खटला. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण मला मोठा वाटतो तो फळीवरून गोळा सोडणारा गॅलिलिओ.

१५६४ साली पिसा येथे तो जन्मला. वडील संगीतज्ञ, विद्या भरपूर, पैसा बेताचा. मुलाने वैद्य व्हावे म्हणून त्यांनी त्याला विद्यापीठात घातले, पण त्याचे मन गणितात रमले. १५८५ साली तो पदवी न घेताच बाहेर पडला आणि चारच वर्षांनी तेथेच गणिताचा अध्यापक झाला! १५९१ साली वडील वारले. घरचा भार, बहिणीच्या हुंड्यासकट, त्याच्यावर आला. (हुंडा तिकडेही होता.) पुढची अठरा वर्षे, १५९२ ते १६१०, पादुआला गेली. फळीचे प्रयोग मुख्यतः याच काळातले.

त्या काळी ॲरिस्टॉटलचा शब्द प्रमाण. वस्तू चालती राहायची तर तिला कोणीतरी सतत ओढले किंवा लोटले पाहिजे, असे त्याचे मत. बैलगाडी हाकलेला कोणीही याला मान डोलावील. बैल थांबले की गाडी थांबते.

गॅलिलिओने मान डोलावली नाही, मोजमाप केले. सरळ पडणारी वस्तू मोजण्याच्या पलीकडे वेगवान, म्हणून त्याने पडणेच मंद केले. सुमारे बारा हात लांब लाकडात बोटभर रुंदीची खोबण कोरली, आत गुळगुळीत चर्मपत्र चिकटवले, एक टोक उचलले आणि ब्राँझचा गोळा सोडला. सेकंद दाखवणारे घड्याळ नव्हते. पाण्याच्या भांड्याला बारीक नळी बसवून, गोळा घरंगळेपर्यंत गळालेले पाणी तो तराजूत तोली. पहिल्या क्षणात गोळा जेवढा गेला त्याच्या तिप्पट दुसऱ्यात, पाचपट तिसऱ्यात, सातपट चौथ्यात! मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची प्रसिद्ध गोष्ट त्याचा शिष्य व्हिव्हिआनी याची. गॅलिलिओच्या लेखनात ती नाही. फळी मात्र आहे.

मग त्याने पुढचा विचार केला. उतरून आलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ सुटल्या उंचीपर्यंत चढतो. चढ कमी केला तर तेवढी उंची गाठायला लांब जातो. चढच नसेल तर? अडथळा नसेल तर त्याला थांबायला कारणच नाही. आपली गाडी थांबते ती घर्षणामुळे. बल लागते ते गती बदलायला. गॅलिलिओच्या मनातली सपाटी पृथ्वीच्या गोलाईची होती. सरळ रेषेचा नियम पुढे देकार्तने मांडला आणि १६८७ साली न्यूटनने तो आपल्या तीन नियमांत पहिला ठेवला.

एवढ्याशा गोळ्यात धोका काय? पृथ्वी फिरत असती तर वर फेकलेला दगड मागे पडला असता, हा विरोधकांचा हुकमी मुद्दा. आता त्याला उत्तर मिळाले: दगडाला पृथ्वीची गती आधीच मिळालेली असते. १६३२ साली त्याने हे छापले, तेही पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या इटालियनमध्ये. १६३३ च्या जूनमध्ये रोमला गुडघे टेकून त्याला आपले मत सोडावे लागले. ग्रंथावर बंदी आली, जन्माची नजरकैद झाली. शिक्षेत दर आठवड्याला स्तोत्रे म्हणायची होती. मठात जोगीण असलेल्या त्याच्या थोरल्या मुलीने ती आपल्या अंगावर घेतली. १६३४ च्या एप्रिलमध्ये ती गेली. तिने बापाला लिहिलेली पत्रे उरली आहेत; त्याची तिला गेलेली उरलेली नाहीत.

सत्तरीच्या या म्हाताऱ्याने आर्चेत्रीच्या घरात जुने कागद काढले आणि फळी-गोळ्याचा सारा हिशेब लिहून पुरा केला. हस्तलिखित इटलीबाहेर गेले. १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला ग्रंथ निघाला. अर्पणपत्रिकेत त्याने, हे आपल्या नकळत छापले जात आहे, अशी बतावणी केली. छापील प्रत हाती आली तेव्हा त्याचे दोन्ही डोळे गेलेले होते.

८ जानेवारी १६४२ रोजी तो वारला. पोपने स्मारक उभारू दिले नाही. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या एका लहानशा खोलीत त्याला पुरले. तेथून त्याला मुख्य चर्चमध्ये हलवले ते १७३७ साली.