अकरा वर्षांचा पेशवा : माधवरावांना घर आणि सरहद्द एकाच वेळी सांभाळावी लागली

अमेरिकेत एकच मुदत लाभलेल्या अध्यक्षाची कारकीर्द तपासताना अंतर्गत कारभार आणि परराष्ट्र धोरण अशी दोन स्वतंत्र पाने मांडण्याची पद्धत आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या बाबतीत ही पाने वेगळी करताच येत नाहीत. त्यांची मुदत निवडणुकीने नव्हे, क्षयाने संपवली. पण ती जेमतेम अकरा वर्षांचीच होती आणि तिच्यातील बहुतेक परकीय संकटांची वाट शनिवारवाड्यातूनच जात होती.

पानिपतच्या पराभवानंतर सहा महिन्यांच्या आत, २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांचे निधन झाले. सोळा वर्षांच्या माधवरावांच्या हाती आले ते कर्जाने वाकलेले राज्य आणि सत्तेचा वाटा मागणारे काका रघुनाथराव. निजामाने ही संधी साधली आणि तो थेट पुण्याच्या परिसरात येऊन भिडला. त्याला उरुळीजवळ कोंडीत पकडले असतानाही रघुनाथरावांनी सौम्य तह करून सोडून दिले. पुढच्या भांडणात आपल्याला निजामाचा उपयोग होईल, हा त्यामागचा हिशेब होता, असे मानण्यास जागा आहे.

हे भांडण फार लांब नव्हते. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावजवळ पुतण्याच्या फौजेचा पराभव झाला. त्या वेळी माधवरावांनी जे केले, ते सतरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षित नव्हते. पळून जाऊन नवी फौज उभारणे त्यांना शक्य होते. तसे न करता ते स्वतःहून काकांच्या छावणीत दाखल झाले. राज्य दुभंगण्यापेक्षा स्वतःची कैद त्यांनी पत्करली.

रघुनाथरावांनी सूड उगवण्याच्या भरात प्रतिनिधी आणि पटवर्धन यांसारखी मातब्बर घराणी दुखावली. ही मंडळी निजामाला मिळाली, नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे गेले आणि १७६३ मध्ये निजामाच्या फौजांनी पुणे लुटले, जाळले. त्यानंतर १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे झालेल्या लढाईत खुद्द रघुनाथराव अडचणीत सापडले. त्यांच्या मदतीला धावले ते नजरकैदेतले माधवराव. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. कारभाराची सूत्रे पुतण्याकडे आली ती या दिवसापासून.

त्यानंतरची वर्षे कर्नाटकात हैदरअलीशी झगडण्यात गेली. १७६५ मध्ये विजय हाताशी आला असता तहाची बोलणी काकांकडे सोपवली गेली आणि हैदर पुन्हा निसटला. दोन वर्षांनी दुसरी मोहीम काढावी लागली, त्यानंतर तिसरी. अखेर १० जून १७६८ रोजी नाशिकजवळच्या धोडप किल्ल्यापाशी रघुनाथरावांचा पराभव झाला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. घर शांत होण्यास सात वर्षे लागली. हाती उरली होती फक्त चार.

याच काळात रामशास्त्री प्रभुणे यांच्या न्यायासनाला पेशव्यांनी पूर्ण पाठबळ दिले आणि रयतेकडून वेठीने काम करून घेण्यास मनाई केली. हुजऱ्यांच्या व अधिकाऱ्यांच्या जाचाने गांजलेल्या खेड्यापाड्यांत या निर्णयांची आठवण कदाचित लढायांपेक्षा अधिक टिकली असावी.

आपल्या भागाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची ठरते ती ठाण्याच्या खाडीपलीकडची साष्टी. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या वसई आणि साष्टीवर मुंबईकर इंग्रजांचा डोळा होता. १७६७ मध्ये त्यांचा वकील टॉमस मॉस्टिन पुण्यात आला. त्याच सुमारास त्याचा सहकारी ब्रोम नाशिकला रघुनाथरावांच्या भेटीस गेला. कोणत्या दारावर थाप मारायची, हे इंग्रजांना अचूक ठाऊक होते. माधवरावांनी गोड बोलून वेळ काढला. जमीन दिली नाही.

जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंदे आणि विसाजी कृष्ण यांच्या फौजांच्या बळावर बादशहा शाहआलम दिल्लीच्या तख्तावर परतला. पानिपतचा डाग धुऊन निघाला, पण तोपर्यंत पेशवे अंथरुणाला खिळले होते. अखेरच्या इच्छा लिहवून घेताना वडिलांच्या वेळचे कर्ज फेडण्याची त्यांना विशेष काळजी होती. धाकट्या नारायणरावाचा हात त्यांनी काकांच्याच हाती दिला. दुसरा वडीलधारा उरला नव्हता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. रमाबाई सती गेल्या. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'मुळे हे दाम्पत्य मराठी घराघरांत पोहोचले, परंतु त्या हळव्या प्रतिमेआड हा कठोर, हिशेबी राज्यकर्ता थोडा झाकला गेला.

नऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि पुढच्या मार्चमध्ये सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी वसई व साष्टी त्यांना देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.