गोष्टी सांगणारी आना लिबेराता

राक्षसाचे तुटलेले नख तळहातात रुतून जी मेल्यासारखी पडली, सवतीने जिला तळ्यात ढकलले, फूल होऊन उगवली असता जी जाळली गेली आणि राखेतून उगवलेल्या आम्रवृक्षाच्या फळातून जी पुन्हा आपल्या आईच्या दुधाच्या चरवीत आली, ती सूर्याबाई कोणाची कन्या होती? राजाची नव्हे, एका गवळणीची! ही भयंकर, परंतु मनोहर कथा जिच्या मुखातून जगापुढे आली, तीही कोणी पंडिता नव्हती. ती एक आया होती. तिचे नाव आना लिबेराता डिसोझा. आमच्या दोडामार्गाच्या सीमेस लागून असलेल्या गोमंतकाशी तिच्या घराण्याचा निकट संबंध होता, म्हणून तिचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस थोडक्यात सांगावे असे आम्हांस वाटते.

आनाच्या आजोबांचे घराणे मूळचे लिंगायत, कालिकतचे राहणारे. पुढे ते गोव्यानजीक येऊन स्थायिक झाले. तेथे आजोबांनी सहकुटुंब ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी संतापून सर्वांस घराबाहेर काढले. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार होते. टिपू सुलतानाशी युद्ध जुंपले असता पलटण जाईल तिकडे आजीही त्यांच्यामागून चालत गेली. ह्याच धिप्पाड व कष्टाळू आजीने पुढे नातवंडांस जवळ बसवून राक्षसांच्या, राण्यांच्या आणि बोलक्या पशुपक्ष्यांच्या कथा सांगितल्या. आनाने त्या ऐकल्या व मनात साठवल्या.

पुढे आनाचा विवाह झाला; परंतु पतीचे निधन झाल्यावर मुलांच्या पोटासाठी तिला साहेब लोकांच्या घरी आयेची चाकरी पत्करावी लागली. अशातच तिचा मुलगा पुण्यास नदीत बुडून मरण पावला. ह्या आघाताने तिचा सारा हुरूप गेला आणि आजीच्या पुष्कळ कथाही हळूहळू तिच्या स्मरणातून निसटू लागल्या.

त्या काळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे होते. 1865–66 च्या हिवाळ्यात ते दक्षिणेकडे दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांची वीस वर्षांची कन्या मेरी हिच्याबरोबर आना होती. मेरीची आई विलायतेत असल्यामुळे तंबूंच्या त्या तळावर मेरीस सोबत अशी आनाचीच. लांबच्या प्रवासाचा कंटाळा जावा म्हणून मेरीने तिला गोष्ट सांगण्याचा आग्रह धरला. आपण सारे विसरलो, असे म्हणून आनाने प्रथम नकार दिला. परंतु मेरी हटेना. मग एक गोष्ट आठवली, तिच्यामागून दुसरी आली. आना आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगे, मेरी लिहून घेई आणि लिहिलेले पुन्हा तिला वाचून दाखवी.

अशा 24 कथांचा 'ओल्ड डेक्कन डेज' हा ग्रंथ 1868 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर नाव मेरीचे असले, तरी आनाने सांगितलेली तिची स्वतःची जीवनकथाही मेरीने त्यात आदरपूर्वक घातली. लोकांच्या तोंडून ऐकून जमविलेल्या हिंदी लोककथांच्या इंग्रजीतील अगदी आरंभीच्या संग्रहांत ह्या ग्रंथाची गणना होते. दिनांक 14 ऑगस्ट 1887 रोजी पुण्याजवळ गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या निवासस्थानी अल्पशा आजाराने आना निवर्तली. त्याच वास्तूत पुढे पुणे विद्यापीठ आले. जेथे एका आयेने देह ठेवला, तेथे विद्येचे पीठ व्हावे, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

सूर्याबाईच्या हातातील नख कोणीतरी काढले म्हणून ती जागी झाली. आनाच्या कथाही कोणीतरी विचारल्या म्हणून जाग्या झाल्या. ज्या तिला आठवल्याच नाहीत, त्या मात्र तिच्याबरोबर गेल्या, आणि त्या किती होत्या हे कोणासही कळणार नाही. विद्यार्थ्यांनो, आमच्या खेड्यापाड्यांतही पावसाळ्याच्या रात्री चुलीपाशी बसून गोष्टी सांगणाऱ्या आज्या आहेत. ह्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. आपल्याला काही आठवत नाही, असे त्या प्रथम म्हणतील. तुम्ही मात्र मेरीप्रमाणे हटू नका. पालकांसही आमची विनंती आहे की, अभ्यासाच्या नावाखाली मुलांस त्या चुलीपासून उठवू नये.