खगोलवेत्ते कावसजी नायगमवाला

मार्गशीर्ष-पौषातील निरभ्र रात्री ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील टोकावडे गावाबाहेर उभे राहिले, म्हणजे पूर्वेकडील सह्याद्रीच्या रांगेवरून मृग नक्षत्र वर चढताना दिसते. चार ठळक ताऱ्यांच्या चौकटीत तीन तारे एका सरळ ओळीत असतात. तोच मृगाच्या पोटात रुतलेला बाण. त्या बाणाच्या जवळच बारीक ताऱ्यांची आणखी एक ओळ आहे. तिच्यात एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, तो तेजोमेघ होय. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचण्यास तेराशेहून अधिक वर्षे लागतात. हा ठिपका कशाचा बनला आहे, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकात जगातील थोर शास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकले होते. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांमध्ये पुण्यातील एक प्राध्यापकही होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या विषयांचे अध्ययन केले आणि १८७८ साली एम. ए. ची पदवी संपादन केली. पुढे त्याच कॉलेजात ते अध्यापक झाले. त्या काळी आपल्या देशातील महाविद्यालयांत विज्ञान शिकवले जाई, परंतु नवे संशोधन करण्याची सोय क्वचितच आढळे. शिकवणे आणि शोध घेणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत, ही कल्पनाच अद्याप रुजावयाची होती.

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी एल्फिन्स्टन कॉलेजला भेट दिली. वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारावी म्हणून त्यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढ्याच रकमेची भर घातली. उपकरणे मिळवण्यासाठी कावसजी १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथील ज्येष्ठ खगोलवेत्त्यांनी त्यांना असा सल्ला दिला, की केवळ प्रयोगशाळेवर समाधान न मानता ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास करणारी वेधशाळाच उभारावी. असा सल्ला देणाऱ्यांमध्ये सर नॉर्मन लॉकियर हेही होते. सूर्याच्या प्रकाशात हेलियम या मूलद्रव्याची खूण ओळखणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांची जगभर ख्याती होती.

इंग्लंडहून परतल्यावर कावसजींची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. तेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच्या आवारात १८८८ साली महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथे बसवलेली २० इंच व्यासाच्या आरशाची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

वेधशाळेतील महत्त्वाचे काम मात्र केवळ दुर्बिणीने होणारे नव्हते. दुर्बिणीला जोडलेले वर्णपटदर्शक यंत्र हे तेथील खरे साधन होते. पावसानंतर आकाशात इंद्रधनुष्य उमटते, त्याचप्रमाणे हे यंत्र ताऱ्याचा प्रकाश रंगांमध्ये उलगडून दाखवते. तापलेल्या घन पदार्थाच्या प्रकाशातून रंगांचा अखंड पट्टा मिळतो. विरळ वायूच्या प्रकाशातून मात्र सुट्या तेजस्वी रेषा मिळतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. त्यामुळे हजारो प्रकाशवर्षे दूर असलेला पदार्थही आपले नाव जणू स्वतःच सांगतो.

मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसत असे. ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या रेषेशी जुळत नव्हती. लॉकियर यांनी या कोड्याचा उलगडा आपल्या परीने केला होता. त्यांच्या मते तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होते आणि ती हिरवी रेषा उल्कांमधील मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश होती. हे मत खरे असते, तर त्या रेषेची एक कड पुसट दिसावयास हवी होती. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव निघाली, तर लॉकियर यांची उपपत्ती टिकणार नव्हती. या प्रश्नावर युरोप-अमेरिकेतील खगोलवेत्त्यांमध्ये मोठा वाद चालू होता.

पुण्याच्या वेधशाळेतून कावसजींनी त्या रेषेचे वेध घेतले. तेजोमेघाचा प्रकाश अतिशय क्षीण असतो. यंत्राची फट थोडी रुंद राहिली, तरी रेषा खोटी पुसट दिसू शकते. ती अरुंद केली, तर प्रकाशच नाहीसा होण्याची भीती असते. म्हणून निरनिराळ्या स्थितींत पुनःपुन्हा पाहणे आवश्यक होते. कावसजींनी ते धीराने केले. प्रत्येक वेळी रेषा रेखीवच दिसली.

आता त्यांच्यापुढे कसोटीचा प्रसंग उभा राहिला. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांचेच मत त्यांच्या वेधांवरून चुकीचे ठरत होते. लॉकियर जगन्मान्य होते, तर कावसजी एका पारतंत्र्यातील देशाचे तरुण अध्यापक होते. मौन पाळले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी १८९१ साली लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अन्य वेधशाळांतील तज्ज्ञांचे वेधही त्याच बाजूने साक्ष देत होते. उल्कांच्या थव्यांची उपपत्ती मागे पडली. उपकाराची जाणीव ठेवूनही सत्याशी इमान राखता येते, हे कावसजींनी कृतीने दाखवून दिले.

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. ते प्लेगच्या साथीचे दिवस होते. तरीही देशोदेशींचे शास्त्रज्ञ ग्रहण पाहण्यासाठी आले. लॉकियर कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावर उतरले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक होते. तेथेच कावसजींच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या वेधशाळेचेही पथक होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकणार होती. तेवढ्यात सूर्याच्या किरीटाचे वेध साधले नाहीत, तर अनेक महिन्यांची तयारी वाया जाणार होती. ते काम कावसजींच्या पथकाने पार पाडले आणि १९०२ साली त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

१९०० सालापासून कावसजी पूर्ण वेळ वेधशाळेचे संचालक झाले. तथापि ही संस्था एकाच माणसाच्या खांद्यावर उभी होती. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच बंद केली. तिची दुर्बीण दक्षिणेतील कोडाईकनाल येथील वेधशाळेकडे धाडण्यात आली. तेथेही ती दीर्घकाळ तशीच पडून राहिली. १९५१ साली तिची उभारणी झाली. कावसजींनी त्यापूर्वीच, १९३८ साली, जगाचा निरोप घेतला होता. ज्यासाठी आयुष्य वेचले ते कार्य आपल्या डोळ्यांदेखत खंडित झालेले पाहणे त्यांच्या नशिबी आले.

त्या हिरव्या रेषेची कहाणी मात्र तेथे संपली नाही. १९२७ साली अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी तिचे रहस्य उलगडले. ती रेषा कोणत्याही अज्ञात मूलद्रव्याची नव्हती. ती आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनचीच होती. अतिविरळ वायूमध्ये ऑक्सिजनच्या अणूतील दोन इलेक्ट्रॉन निघून गेले, म्हणजे तो अशा प्रकारे प्रकाशतो.

२५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब अवकाश दुर्बीण आकाशात झेपावली. साडेसहा मीटर व्यासाच्या आरशाची ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर राहून विश्वाच्या बालपणीच्या दीर्घिकांचा शोध घेते. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे. ज्या दीर्घिकांचा प्रकाश १३ अब्ज वर्षांपूर्वी निघाला, त्यांच्या प्रकाशलहरी विश्वाच्या प्रसरणामुळे सुमारे आठ पटींनी लांबतात. त्यामुळे हिरवी रेषा हिरवी राहत नाही. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात जाऊन पोचते. जेम्स वेबचे यंत्र तेथे तिला अचूक ओळखते. रेषा किती सरकली यावरून दीर्घिकेचा काळ समजतो, आणि इतक्या प्राचीन काळीही ताऱ्यांनी ऑक्सिजन निर्माण केला होता, हेही कळते. पुण्यात कावसजींनी जी रेषा डोळे ताणून न्याहाळली, तीच आज विश्वाच्या आरंभाची वाट दाखवते आहे.

२०२५ साली पुण्यातील संशोधकांनी याच अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने एक अतिदूरची सर्पिल दीर्घिका शोधून काढली आणि तिला अलकनंदा हे नाव दिले. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असताना ती अस्तित्वात होती. आज पुण्यात एकट्या कावसजींच्या जागी संशोधकांच्या संस्था उभ्या आहेत. वेधशाळा बंद पडू शकते, दुर्बीण दूर नेली जाऊ शकते. परंतु प्रामाणिकपणे नोंदवलेले एक निरीक्षण ज्ञानाच्या इमारतीत कायमचे राहते. कावसजी नायगमवालांनी आपल्या वाट्याची वीट निर्भयपणे आणि नीट रचली.