हेन्री फोर्ड, दोन गिअर आणि ड्रॅग रेस : ऑटोमॅटिक का जिंकतो?

मी खोताच्या वाडीत राहतो. इथल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की दुसऱ्या गिअरची गरजच पडत नाही. तरी गाड्यांचा विषय निघाला की खरा ड्रायव्हर मॅन्युअलच चालवतो, असं कुणीतरी ठासून सांगतंच. पण ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत, बरेच मुरलेले रेसर ऑटोमॅटिक वापरतात. हे समजून घ्यायला हेन्री फोर्ड यांची गोष्ट कामाला येते.

शेतावरून रेसकडे

फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ चा, अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या शेतकरी घरातला. शेतीत मन रमेना, म्हणून ते डेट्रॉइटला मशीनच्या कामाला लागले. १८९६ मध्ये त्यांनी पहिली गाडी बनवली. तिला दोन स्पीड होते, रिव्हर्स नव्हताच! पहिली कंपनी बुडाली, दुसरी सोडावी लागली. नाव झालं ते रेसमुळे. १९०१ मध्ये त्यांनी नामवंत रेसर अलेक्झांडर विंटन यांना हरवलं. १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी सुरू झाली. १२ जानेवारी १९०४ ला गोठलेल्या सेंट क्लेअर तलावावर त्यांनी एक मैल ३९.४ सेकंदांत कापला, म्हणजे ताशी सुमारे १४७ किमी.

मॉडेल टीची कमाल

तेव्हा गिअर बदलताना फिरते दात एकमेकांत सरकवावे लागत. चुकलं की कर्रर्र! १९०८ च्या मॉडेल टीमध्ये फोर्ड यांनी प्लॅनेटरी गिअर दिले. यात मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात आणि दात कायम अडकलेलेच राहतात. डावं पेडल दाबलं की ड्रमवरचा पट्टा आवळून लो गिअर, सोडलं की हाय. ही ऑटोमॅटिक नव्हती, पण शेतकऱ्यालाही पटकन जमायची. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या.

पुढे ग्राहकांना नवं हवं होतं, तरी फोर्ड हट्टाने टीलाच धरून बसले. शेवटी आलेल्या मॉडेल एमध्ये तीन स्पीडचा साधा मॅन्युअल होता. ७ एप्रिल १९४७ ला फोर्ड गेले.

मग ड्रॅग रेसचं काय?

१९५० मध्ये प्रतिस्पर्धी शेव्हरलेने पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक आणला. त्यातही प्लॅनेटरी गिअर आणि स्पीड दोनच! ड्रॅग रेसर तो आजही वापरतात. मॅन्युअलमध्ये क्लच दाबला की चाकांकडे जाणारी ताकद क्षणभर तुटते, इथे ती जवळपास चालूच राहते. टॉर्क कन्व्हर्टर सुटतानाच टॉर्क वाढवतो आणि प्रत्येक रन जवळपास सारखा होतो. तोटा म्हणजे वजन जास्त आणि थोडी ताकद तेलात वाया जाते. म्हणून तरबेज हातात मॅन्युअलही भारी पडू शकतो.

थोडक्यात, ऑटोमॅटिकवाल्याला हसू नका. आणि हो, हे सगळं ट्रॅकवर. रात्री मरीन ड्राइव्हवर गिअर कुठलाही असो, समोर अचानक माणूस आला तर उपयोगी पडतो तो फक्त ब्रेक, आणि तोही वेळेत लागला तर.