संपादक काकासाहेब खाडिलकर

नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर उर्फ काकासाहेब खाडिलकर यांचे नाव निघाले की आमच्या ज्ञातीतील वडील मंडळींच्या घरी अजूनही बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी यांच्या गोष्टी निघतात. ‘मानापमान’ (१९११) व ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांची पुण्याई तेवढी मोठी आहे खरी. परंतु ज्या व्यवसायात त्यांनी आयुष्याची ऐन वर्षे वेचली, त्याचा विसर पडावा हे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणून या अंकी रंगभूमी बाजूस ठेवून आम्ही संपादक काकासाहेबांचे स्मरण करीत आहोत.

१८७२ साली सांगलीस जन्मलेले काकासाहेब लोकमान्यांच्या हाताखाली ‘केसरी’त तयार झाले. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्या पत्राची धुरा काही काळ त्यांनीच वाहिली. पुढे १९१० साली सरकारने ‘कीचकवध’ नाटकावर बंदी घातली, यावरून त्यांच्या लेखणीची धार ध्यानी येईल.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य मुंबईत निवर्तले आणि त्यांच्या अनुयायांत मतभेद उघडे पडले. ‘केसरी’च्या धुरीणांना गांधीजींचा असहकार मनापासून रुचत नव्हता; काकासाहेबांना तो लोकमान्यांच्याच मार्गाचा पुढला टप्पा वाटे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या गृहस्थाने अशा वेळी मौन पत्करले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र ‘केसरी’ सोडला आणि १९२१ साली मुंबईत ‘लोकमान्य’ दैनिकाचे संपादकपद स्वीकारले.

ही मुंबई काही ओसाड रान नव्हती. १९१५ पासून अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या ‘संदेश’ने मराठी वाचकाला वेड लावले होते. महायुद्धाच्या बातम्या ताज्या हव्या होत्या, आठवड्याच्या पत्राची वाट पाहण्यास कोणी तयार नव्हते. कोल्हटकरांनी बातमीला चटकदार मथळा दिला, नाटकमंडळ्यांच्या वार्ता दिल्या आणि वत्सलावहिनींच्या पत्रांतून वर्तमानपत्र थेट स्वयंपाकघरात नेले. काही सोवळे लोक याला उथळपणा म्हणत. आम्ही म्हणत नाही. मराठी गृहस्थाला रोज पत्र विकत घेण्याची सवय लागली, तिचे मोठे श्रेय कोल्हटकरांना आहे. आणि त्या सवयीचा लाभ त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनाही झाला. स्वतः कोल्हटकरांच्या वाट्याला मात्र पत्र बंद पडणे आणि पुन्हा उभे करणे हेच वारंवार आले. १९३१ साली ते निवर्तले.

काकासाहेबांची प्रकृती निराळी. त्यांचा भर अग्रलेखावर. अशा अग्रलेखास सात दिवसांचे चिंतन लाभले तर शोभते; दैनिकात तेच काम एका रात्रीत उरकावे लागते. चुरचुरीत मजकुराला सोकावलेल्या शहरात राजकारणाचे गंभीर विवेचन रोज वाचावयास लावणे, हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता.

तो सुटतो न सुटतो तोच ‘लोकमान्य’च्या चालकांशी त्यांचे बिनसले. पुन्हा तीच कसोटी. १९२३ साली त्यांनी ते पत्रही सोडले आणि स्वतःचे ‘नवाकाळ’ काढले. आता सामना होता तो आपणच नावारूपास आणलेल्या पत्राशी, आणि त्या पत्राच्या शिरोभागी नाव होते आपल्याच गुरूचे! पगारी संपादकाला मतासाठी फक्त नोकरी सोडावी लागते. मालक झालेल्या संपादकाला छापखाना, कागद आणि कामगारांचे पगार यांचा भारही उचलावा लागतो. तो त्यांनी उचलला.

१९२९ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला. त्यावरील लेखांसाठी त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन एक वर्षाची शिक्षा झाली. वय सत्तावन्नाच्या घरात होते. त्यानंतर ‘नवाकाळ’ची सूत्रे पुत्र यशवंतराव उर्फ आप्पासाहेब यांच्याकडे गेली आणि काकासाहेब वैदिक वाङ्मयाच्या चिंतनात रमले. २६ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे नातू नीलकंठराव यांनीही त्याच पत्रात अग्रलेख लिहून मुंबईकरांत मोठे नाव मिळविले.