केडंबे गावचे तुकाराम ओंबळे



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मंडळाचा निरोप आला. शाळेच्या आठवणी बाकीचे मित्र माझ्यापेक्षा छान लिहितील. मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते आपल्या शाळेत कधी शिकले नाहीत, फलटणशी त्यांचा संबंधही नव्हता. पण ते आपल्या सातारा जिल्ह्याचे होते आणि आपल्या तुकडीतल्या निम्म्या मुलांसारखेच साध्या शेतकऱ्याच्या घरातले होते. मुंबई पोलिसांतले सहाय्यक उपनिरीक्षक, अशोकचक्र विजेते हुतात्मा तुकाराम गोपाळ ओंबळे.

त्यांचे गाव केडंबे, तालुका जावळी. जावळी हे नाव आपण चौथीच्या इतिहासात शिकलो. चंद्रराव मोऱ्यांची जावळी, दाट अरण्य, उभे डोंगर. फलटणहून साताऱ्याला आणि तिथून मेढ्याला जाताना एकाच जिल्ह्याची दोन रूपे दिसतात. आपल्याकडे कमी पाऊस, पण निरा उजव्या कालव्याने उसाचे मळे उभे केले. तिकडे धो धो पाऊस, पण जमीन उताराची आणि तुकड्यातुकड्यांची. भात आणि नाचणीवर घर चालत नाही, म्हणून त्या भागातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला, नाहीतर पलटणीत भरती झाला. घरी मनिऑर्डर आली की चूल नीट पेटायची.

ओंबळे यांनी दोन्ही वाटा चालल्या. आधी ते सैन्यात गेले. सिग्नल कोअर म्हणजे लष्कराचे संदेशवहन सांभाळणारे दल. तिथून नाईक या हुद्द्यावर ते निवृत्त झाले. १९९१ साली मुंबई पोलिसांत दाखल झाले. सैन्यातून आलेल्या माणसाला घरी बसून शेती पाहता आली असती. पण पदरी चार मुली होत्या, त्यांची शिक्षणे होती. मुंबईतली पोलिसाची नोकरी म्हणजे काय, हे आपल्यातले जे खात्यात गेले त्यांना विचारा. गणपतीत बंदोबस्त, दिवाळीत बंदोबस्त, बारा तासांची ड्यूटी कधी संपेल याचा नेम नाही. सतरा वर्षे त्यांनी ही नोकरी केली. वर्तमानपत्रात नाव यावे असे त्यात काही नव्हते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाबरोबर गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीला उभे होते. समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी शहरात कहर मांडला होता. त्यांतले दोघे, अजमल कसाब आणि इस्माईल खान, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून कामा रुग्णालयाकडे गेले. तिथल्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले. पुढे त्या दोघांनी एक स्कोडा गाडी बळकावली आणि ते मरीन ड्राइव्हने चौपाटीच्या दिशेने निघाले. बिनतारी यंत्रणेवरून गाडीचे वर्णन नाक्यावर पोचले होते.

मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडी आली आणि अडथळ्यांच्या अलीकडेच थांबली. समोरचे दिवे प्रखर ठेवलेले, काचेवर पाणी उडवून वायपर चालू केलेले. आत कोण आहे ते दिसू नये म्हणून. मग चालकाने गाडी वळवायचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकावर जाऊन अडकली. गोळीबार झाला, त्यात गाडी चालवणारा इस्माईल खान पडला. दुसऱ्या बाजूने कसाब एके-४७ सह बाहेर आला. ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. ते पुढे झेपावले आणि त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या पोटात गेल्या, तरी नळी त्यांनी सोडली नाही. एवढ्या अवधीत सहकारी तुटून पडले आणि त्यांनी कसाबला जिवंत पकडले. या झटापटीत आणखी एक अधिकारी जखमी झाले. ओंबळे यांचे प्राण गेले.

सैन्यात वर्षे काढलेल्या माणसाला बंदुकीच्या तोंडासमोर जाणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. नळी एका जागी धरून ठेवली तर मागच्या माणसांकडे ती वळणार नाही, एवढा हिशेब त्या क्षणी त्यांच्या मनात झाला असावा, असे मला वाटते. पोलीस म्हणून त्यांनी शेवटचे काम केले ते आपली माणसे वाचवण्याचे.

त्या धरलेल्या नळीने आणखी काय साधले, ते पाहा. दहापैकी नऊ अतिरेकी मारले गेले. १६६ माणसांचा बळी घेणारा हा कट कोणी रचला, कुठे शिजवला, बोट कराचीहून कशी निघाली, हे सांगणारा एकच जिवंत पुरावा उरला आणि तो चौपाटीवर हाती लागला. त्यांच्याजवळ बनावट हिंदू नावांची ओळखपत्रे होती. सगळेच मेले असते तर किती अफवा उठल्या असत्या आणि त्यांत किती निरपराधांची घरे जळाली असती, कोण जाणे! कसाबवर रीतसर खटला चालला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. २०२१ साली ठाणे परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी आयसियस तुकारामी असे नाव दिले. केडंबे येथे स्मारक उभारण्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले.

हे सगळे झाले, होत राहील. मला काळजी वेगळीच आहे. आज आपल्या शाळेत दहावीला बसणारी मुले त्या रात्रीनंतर जन्मलेली आहेत. त्यांच्यापर्यंत ही हकिगत मोबाईलवरून पोचते, आणि दर वर्षी त्यात गोळ्यांचा आकडा वाढतो, एखादा संवाद जोडला जातो. खऱ्या प्रसंगाला असली फोडणी लागत नाही. काठी, दोन हात आणि न सोडलेली नळी, एवढे पुरे आहे.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. या स्मरणिकेत डॉक्टर, इंजिनिअर, परदेशी स्थायिक झालेल्या मित्रांची यादी आहे. त्याचा मलाही अभिमान आहे. पण मागच्या बाकावरून उठून जे भरतीला गेले, पहाटे कालव्याच्या कडेने धावले आणि शिपाई, जवान म्हणून निवृत्त झाले, त्यांच्यातले बरेच जण मेळाव्याला यायलाच संकोचतात. आपण काय मोठे केले, असे त्यांना वाटते. ओंबळे यांनाही २५ नोव्हेंबरपर्यंत तसेच वाटत असेल.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पुढच्या अंकात वर्दीत सेवा केलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे हुद्दा न पाहता पहिल्या पानावर छापावीत. आणि दर २६ नोव्हेंबरला प्रार्थनेच्या वेळी त्यांच्यापैकीच एकाने मुलांसमोर उभे राहून ही हकिगत दहा मिनिटांत, जशी घडली तशी सांगावी. नोव्हेंबर २०२८ मध्ये या घटनेला वीस वर्षे पूर्ण होतील. तोवर एक एस.टी. ठरवून मुलांना केडंब्याला नेता आले, तर माझी वर्गणी पहिली धरा.