तसबिरीतले तुकोबा : विष्णुपंत पागनीस

दिंडीच्या शंभर वर्षांच्या या अंकात सिनेमातल्या नटाची हकीकत कशाला, असं काही माळकऱ्यांना वाटेल. वाटू द्या. पण घरी गेल्यावर देव्हाऱ्याजवळची तुकोबारायांची तसबीर एकदा नीट बघा. डोक्याला पागोटं, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि देवाकडे लागलेली नजर. पुष्कळ घरांतला तो चेहरा विष्णुपंत पागनीस यांचा आहे. रोज ज्या मुखाला आपण हात जोडतो तो माणूस कोण होता, हे आपल्याला ठाऊक असावं म्हणून हा लेख.

विष्णुपंतांचा जन्म 1892 सालचा, बेळगावकडच्या चिकोडीचा. गळा गोड, त्यामुळे लहान वयातच ते नाटक कंपनीत गेले. कोल्हापूरच्या स्वदेश हितचिंतक मंडळीत त्यांची सुरुवात झाली, पुढे ललितकलादर्शसारख्या कंपन्यांतही त्यांनी कामं केली. त्या काळी बायका रंगभूमीवर येत नसत. कोवळ्या गळ्याची, नाजूक चणीची पोरं लुगडं नेसून, अंबाडा घालून स्त्रीपार्ट करायची. विष्णुपंतांनी वर्षानुवर्षं तेच केलं. चालणं, बसणं, पदर सावरणं, मान खाली घालून बोलणं, सगळं अंगात मुरलेलं. गाणं तर होतंच. त्यांनी भजनं गायली, वंदे मातरमची ध्वनिमुद्रिकाही त्यांच्या आवाजात निघाली.

मग आलं 1936 साल. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापूरहून पुण्याला येऊन तीनेक वर्षं झाली होती. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल या दोघांनी 'संत तुकाराम' करायला घेतला. (साहेबमामा मुसलमान, कागलचे. आपल्या परंपरेत शेख महंमद आहेत, त्यामुळे वारकऱ्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.) कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकोबांच्या कामाला पागनीसांचं नाव निघालं तेव्हा मात्र कंपनीत नाराजी होती. स्त्रीपार्ट करणारा हा नट, याच्या वागण्यात बायकी लकब, हा तुकोबा कसा दिसणार? शंका खोटी नव्हती. चित्रण सुरू होण्याआधी विष्णुपंत देहूला जाऊन आले, असं सांगतात.

आम्हाला वाटतं, ज्या गोष्टीची भीती होती तीच कामाला आली. आपण विठ्ठलाला विठाई म्हणतो, ज्ञानोबांना माउली म्हणतो. पुरुषाच्या अंगी आईपण यावं लागतं तेव्हा ही भक्ती कळते. पडद्यावरचे तुकोबा कुणावर ओरडत नाहीत, सालोमालो छळतो तरी त्यांच्या आवाजाला धार येत नाही. तारुण्य लुगड्यात घालवलेल्या नटाच्या अंगातला हळुवारपणा तिथे दिसतो. पिळदार अंगाच्या, खणखणीत बोलणाऱ्या नटाला ते साधलं असतं का, शंकाच आहे.

आणि समोर आवलीचं काम करणाऱ्या गौरीबाई. या बाई प्रभातमध्ये गर्दीत उभं राहायची किरकोळ कामं करत वर आल्या. म्हशीशी बोलणारी, उपाशी पोरांसाठी तळमळणारी, वहाण घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात शिरणारी ही आवली नसती, तर विष्णुपंतांचे तुकोबा नुसतेच तरंगत राहिले असते. संसाराचा भार कुणावर पडला होता ते या बाईंनी दाखवलं. आपल्या कीर्तनांत आवलीला कजाग ठरवून मोकळं होतात, त्या बुवांनी हा सिनेमा परत एकदा बघावा.

मुंबईच्या सेंट्रल टॉकीजला हा बोलपट वर्षभराहून जास्त, 57 आठवडे चालला. 1937 मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. गावोगाव तंबूत तो लागायचा तेव्हा माणसं वहाणा बाहेर काढून आत बसायची, हे जुन्या लोकांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

पुढे विष्णुपंतांकडे लोकांनी संतांचीच कामं दिली. 1939 मध्ये तुलसीदास, 1940 मध्ये गुजरातचे नरसी मेहता, मग महात्मा विदुर. 1943 साली ते गेले. वय पन्नाशीच्या आसपास. तुकोबांनंतर जेमतेम सात वर्षं मिळाली.

आता वादाचा मुद्दा. नटाची तसबीर पुजावी का? आमच्या दिंडीत यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. एक म्हणतात, तोंडाला रंग लावलेल्या माणसाला संत कसं म्हणायचं? दुसरे म्हणतात, मूर्तीही कारागीरच घडवतो. आम्ही दुसऱ्यांच्या बाजूचे, पण एका अटीवर: नाव माहीत असू द्यावं. कारण नाव विसरलं की घोटाळे होतात. त्या सिनेमातलं बीज आणि वृक्षाचं पद आज कितीतरी भजनी मंडळं तुकोबांचा अभंग म्हणून गातात. गाथा चाळली तरी ते सापडायचं नाही. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं आहे. गाणं चांगलं आहे, खुशाल म्हणावं. पंचपदीत मात्र घेऊ नये, आणि म्हणताना आठवल्यांचं नाव सांगावं. तसबिरीखालीही बारीक अक्षरात विष्णुपंतांचं नाव लिहायला हरकत नाही.